कार्ल : एका नावाची कमाई

मुलांच्या नावांचे अर्थ सांगणारा युरोपातला कोणताही कोश उघडून ‘कार्ल’ हे नाव शोधले, तर त्यापुढे बहुतेक ठिकाणी ‘स्वतंत्र पुरुष’ एवढाच अर्थ दिलेला असतो. चार्ल्स, शार्ल, कार्लोस, कार्लो, कारेल, कारोल ही त्याच नावाची निरनिराळ्या भाषांतली रूपे. कॅरोलाइन, शार्लट, कार्ला ही त्याची स्त्रीरूपे. कोशातला अर्थ चुकीचा नाही. पण तो वाचून असा समज होतो, की शतकानुशतके आईबापांनी हे नाव ठेवले ते त्यातल्या स्वातंत्र्याच्या अर्थासाठी. या पुस्तकाचा सारा भर त्याच्या उलट म्हणण्यावर आहे. कार्ल या नावाला जे वजन आले, ते त्याच्या मूळ शब्दातून आलेले नाही. तो शब्द बाजूलाच राहिला आणि काही भाषांत तर पार खालच्या पायरीवर घसरला. वजन आले ते नाव धारण करणाऱ्या माणसांमुळे, आणि त्याहूनही अधिक, आधीच्या एखाद्या कार्लकडे बोट दाखवून ते नाव मुद्दाम उचलणाऱ्यांमुळे. नावाचा अर्थ कमावला जातो. आणि ती कमाई कुणी, केव्हा, कशासाठी केली याच्या खुणा कार्लच्या बाबतीत जितक्या स्पष्ट दिसतात, तितक्या फारच थोड्या नावांच्या बाबतीत दिसत असतील.

आधी मूळ शब्दाची बाजू पाहू. जुन्या जर्मानिक समाजांत मातब्बर घराण्यांतली नावे बहुधा दोन शब्द जोडून केलेली असत. लुडविग म्हणजे कीर्ती आणि युद्ध, रॉबर्ट म्हणजे कीर्ती आणि तेज, विल्हेल्म म्हणजे इच्छा आणि शिरस्त्राण, फ्रीड्रिश म्हणजे शांतता आणि सत्ता, गर्ट्रूड म्हणजे भाला आणि सामर्थ्य. ही रीत एकट्या जर्मानिकांची नव्हे. संस्कृतातली देवदत्त, इंद्रजित यांसारखी नावे, ग्रीकांची आणि स्लाव्ह लोकांची जोडनावे याच घाटाची आहेत आणि इंडो-युरोपीय भाषा बोलणाऱ्यांच्या एका फार जुन्या सवयीकडे बोट दाखवतात. जर्मानिक जोडनावातल्या दोन शब्दांचा मिळून सरळ अर्थ लागलाच पाहिजे असेही नव्हते. वडिलांच्या नावातला एक तुकडा आणि आईच्या नावातला दुसरा घेऊन मुलाचे नाव केले जाई, म्हणजे नावातच घराण्याची ओळख विणलेली असे. कार्ल या रांगेत बसत नाही. तो एकच शब्द आहे, तोही रोजच्या बोलण्यातला. त्यात ना भाला, ना कीर्ती, ना लांडगा, ना सत्ता.

तो शब्द समाजात कोणत्या पायरीवर उभा होता, हे ‘रीग्सथुला’ या जुन्या नॉर्स काव्यात फार नेमकेपणाने दिसते. रीग या नावाने फिरणारा एक देव तीन घरांत मुक्काम करतो आणि त्या तीन घरांतून समाजाच्या तीन थरांचे मूळपुरुष जन्माला येतात. पहिला थ्रेल, म्हणजे गुलाम, दुसरा कार्ल, तिसरा यार्ल, म्हणजे सरदार. यातला कार्ल बैल वठणीवर आणतो, नांगर बनवतो, घरे आणि कोठारे बांधतो, जमीन नांगरतो. राजपदाचा वारसा पुढे यार्लच्या धाकट्या मुलाकडे जातो. कार्लच्या वंशात राजा जन्मत नाही. आता कुणी म्हणेल, की हे काव्य आइसलँडच्या मध्ययुगीन हस्तलिखितातले, आणि आपल्या कार्लची कथा घडते ती कितीतरी आधीच्या फ्रँक लोकांत. मग त्याचा पुरावा कितपत धरायचा? हरकत रास्त आहे. म्हणूनच त्याच्या जोडीला समुद्रापलीकडचे अँग्लो-सॅक्सन कायदे ठेवायला हवेत. त्या कायद्यांत, खून झाल्यास मारेकऱ्याच्या घराने मृताच्या घराला द्यायची भरपाई माणसाच्या दर्जावर ठरे. सरदारासाठी ती १२०० शिलिंग, तर ‘चेओर्ल’साठी २०० शिलिंग. चेओर्ल हे कार्ल शब्दाचेच इंग्रजी भावंड. एकमेकांपासून दूर असलेले दोन समाज, एकाचे काव्य आणि दुसऱ्याचा कायदा, आणि दोन्हींत या शब्दाची जागा एकच : गुलाम नव्हे, सरदारही नव्हे, स्वतःच्या जमिनीवर राबणारा मोकळा माणूस.

काही अभ्यासक नावाची व्युत्पत्ती वेगळी लावतात. त्यांच्या मते हे नाव ‘सैन्य’ या अर्थाच्या जर्मानिक शब्दाचे आखूड रूप असू शकेल, म्हणजे मुळात ते लढवय्याचेच नाव. हे मत खरे ठरले तर शेतकऱ्याच्या नावाची सगळी गोष्टच कोसळते, म्हणून त्याला उत्तर दिलेच पाहिजे. सैन्यवाचक शब्दातला पहिला ध्वनी घशातून येणारा ‘ह’सारखा होता आणि फ्रँक काळातले लॅटिन लेखनिक तो लिहिण्यासाठी नावाच्या आरंभी दोन अक्षरे जोडून वापरत, खारिबर्ट, ख्लोडोवेख अशा राजनावांत तो दिसतो. कार्लच्या आरंभी मात्र साधा, स्वच्छ ‘क’ आहे. त्यातून त्याच घराण्यात कार्लमान हे नाव शेजारी उभे आहे आणि त्यातला ‘मान’ म्हणजे सरळ माणूस. त्यामुळे ‘मोकळा माणूस’ हीच व्युत्पत्ती अधिक भक्कम वाटते. आणि समजा ती चुकली, तरी पुढचा युक्तिवाद उभाच राहतो. कारण तो नाव कुठून निघाले यावर नव्हे, तर नावाने पुढे काय कमावले यावर उभा आहे.

या नावाला सत्तेच्या दारापर्यंत नेणारा माणूस म्हणजे चार्ल्स मार्टेल. त्याचा बाप पिपिन हा फ्रँक राज्याचा कारभारी होता; राजा मेरोव्हिंजियन घराण्याचा, पण सगळी सूत्रे पिपिनच्या हाती. ७१४ मध्ये पिपिन वारला, तेव्हा त्याची विधवा प्लेक्ट्रूड हिने आपल्या नातवाचा हक्क पुढे केला आणि अल्पैदा या दुसऱ्या स्त्रीपासून झालेल्या या मुलाला कैदेत टाकले. तो निसटला, लढला आणि काही वर्षांत साऱ्या फ्रँक राज्याचा कर्ताकरविता झाला. ७३२ मध्ये प्वातिएच्या लढाईने त्याचे नाव दूरवर गेले. पण त्याने राजा हा किताब कधी घेतला नाही. त्याच्या आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत सिंहासन रिकामे होते, राज्य तोच चालवत होता, तरीही त्यावर तो बसला नाही. राज्याभिषेक झाला तो त्याच्या मुलाला, धाकट्या पिपिनला, ७५१ मध्ये, शेवटच्या मेरोव्हिंजियन राजाला मठात धाडून.

नवे घराणे सत्तेवर आले, तरी नव्या राजनावांना अजून जुन्यांचे तेज नव्हते. याचा सर्वांत बोलका पुरावा ७७८ सालचा आहे. मार्टेलचा नातू, ज्याला आपण शार्लमेन म्हणतो, त्याला त्या वर्षी जुळे मुलगे झाले. त्यांची नावे ठेवली लुई आणि लोथार, म्हणजे ख्लोडोवेख आणि ख्लोथार. आपल्या घराण्याने ज्यांना पदच्युत केले त्या मेरोव्हिंजियनांची खास राजनावे. कार्ल, कार्लमान आणि पिपिन एवढ्यावर भागत नाही, हे जणू शार्लमेनने स्वतःच मान्य केले. तीन वर्षांनी, ७८१ मध्ये, त्याने कार्लमान नावाच्या आपल्या दुसऱ्या मुलाला रोमला नेले, पोपच्या हातून त्याचा बाप्तिस्मा करवला आणि त्याचे नाव बदलून पिपिन ठेवले. नाव हे राज्यकारभाराचे हत्यार आहे, याची या राजाला पुरेपूर जाण होती. त्याचा चरित्रकार आइनहार्ड सांगतो, की त्याने बारा महिन्यांना आणि बारा दिशांच्या वाऱ्यांना फ्रँक भाषेतली नावे दिली. स्वतःच्या नावाची त्याने मुद्रा केली होती : क्रूसाच्या चार टोकांना ‘कारोलुस’ या लॅटिन रूपातली चार व्यंजने, आणि मधल्या चौकटीत तिन्ही स्वर. अशा माणसाने आपल्या मुलांना पदच्युत घराण्याची नावे द्यावी, याचा अर्थ एवढाच, की ७७८ मध्ये कार्ल हे नाव अजून पुरेसे मोठे झाले नव्हते.

ते मोठे झाले पुढच्या तीन दशकांत. सॅक्सनांशी चाललेली प्रदीर्घ युद्धे, पूर्वेकडच्या स्लाव्ह टोळ्यांवरच्या मोहिमा, आवारांचा पाडाव, आणि ८०० सालच्या नाताळाच्या दिवशी रोममध्ये पोप तिसऱ्या लिओच्या हातून सम्राटपद. ८१४ मध्ये आखेन येथे तो वारला, तेव्हा पश्चिम युरोपाचा मोठा भाग एका सत्तेखाली आला होता. त्याचे साम्राज्य नातवांच्या हयातीतच फाटले. पण एक गोष्ट उरली, आणि माझ्या मते तीच या नावाची सर्वांत मोठी कमाई आहे. स्लाव्ह भाषांत राजाला जो शब्द आहे, चेकमध्ये ‘क्राल’, पोलिशमध्ये ‘क्रूल’, रशियनमध्ये ‘कोरोल’, सर्बियनमध्ये ‘क्राल्य’, तो याच माणसाच्या नावातून आला. हंगेरियन ‘किराय’, लिथुआनियन ‘कारालियुस’ आणि तुर्की ‘क्राल’ हे शब्द पुढे स्लाव्हांकडूनच गेले. म्हणजे चेकमध्ये ‘क्राल कारेल’ असे म्हटले, की एकच नाव दोनदा उच्चारले जाते : एकदा पदवी म्हणून, एकदा व्यक्ती म्हणून.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. स्लाव्हांनी हा शब्द त्या व्यक्तीच्या नावावरून न घेता ‘मोकळा माणूस’ या साध्या जर्मानिक शब्दावरून उचलला नसेल कशावरून? उत्तराचा पहिला भाग ध्वनींत आहे. रशियनमध्ये कोरोल, चेकमध्ये क्राल हा फरक मनमानी नाही. याच नियमाने ‘नगर’ या अर्थाचा मूळ स्लाव्ह शब्द रशियनमध्ये ‘गोरोद’ आणि दक्षिणेकडे ‘ग्राद’ झाला. नोव्हगोरोद आणि बेलग्राद ही नावे आपल्या ओळखीची आहेतच. म्हणजे शब्द आत शिरला तेव्हा हा ध्वनिबदल अजून पूर्ण व्हायचा होता, आणि हा काळ शार्लमेनच्या काळाशी जुळतो. पण काळ जुळल्याने व्यक्ती सिद्ध होत नाही, हेही खरे. उत्तराचा दुसरा भाग म्हणूनच अधिक निर्णायक आहे : कार्ल या सामान्य शब्दाचा अर्थ कोणत्याही जर्मानिक भाषेत राजा असा नव्हता. माणूस, नवरा, म्हातारा, शेतकरी, एवढीच त्याची मजल. ‘शेतकरी’ ऐकून कुणी ‘राजा’ असा शब्द घडवत नाही. सरहद्दीपलीकडून सैन्य पाठवणाऱ्या, खंडणी मागणाऱ्या, तह करणाऱ्या एका माणसाचे नाव ऐकून मात्र घडवू शकतो. असे आधी एकदा झालेही होते. सीझर या रोमन घराण्याच्या नावातून जर्मन ‘कायझर’ आणि रशियन ‘त्सार’ आले. कुणी पुढे विचारेल, की मग कार्लचे वेगळेपण काय उरले? वेगळेपण प्रवासाच्या अंतरात आहे. सीझर हे रोमच्या एका कुलीन घराण्याचे नाव होते. कार्लने प्रवास सुरू केला तो नांगराच्या मागून.

आणि ज्या शब्दातून हे नाव निघाले, त्याचे काय झाले? तो दुसऱ्या वाटेने गेला. जर्मनमध्ये ‘केर्ल’ म्हणजे आज गडी, इसम. इंग्लंडमध्ये त्याची घसरण सर्वाधिक झाली. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर मोकळा शेतकरी हळूहळू जमीनदाराच्या बांधिलकीत गेला आणि त्याच्याबरोबर चेओर्ल हा शब्दही खाली आला. ‘चर्ल’ या आजच्या रूपात तो उद्धट, गावंढळ माणसाला उद्देशून वापरतात. इंग्लंडच्या नकाशावर जागोजागी दिसणाऱ्या चार्ल्टन नावाच्या गावांत त्याची जुनी, मानाची जागा तेवढी शिल्लक आहे. चार्ल्टन म्हणजे मोकळ्या शेतकऱ्यांची वस्ती. त्याच इंग्लंडमध्ये फ्रान्समार्गे आलेले चार्ल्स हे रूप मात्र राजपुत्रांना शोभणारे ठरले. एकाच मुळाचे दोन वारस, एक शिवी झाला आणि एक राजनाव. नावाचे मोल मूळ अर्थातून येत असते, तर हे दोघे बरोबर चढले असते किंवा बरोबर उतरले असते. आपण ज्यांना सप्तर्षी म्हणतो, त्या ताऱ्यांनाही ही चढण लागू पडली. जुन्या नॉर्स आणि इंग्रजी परंपरेत तो ‘कार्लचा गाडा’ होता, आणि यातला कार्ल बहुधा साधा पुरुष. कारण लहान सप्तर्षीला आइसलँडमध्ये ‘बायकांचा गाडा’ म्हणत. पुढे शार्लमेनची कीर्ती इतकी पसरली, की इंग्लंडमध्ये तो गाडा सम्राट चार्ल्सचाच मानला जाऊ लागला. स्वीडनमध्ये त्या ताऱ्यांना आजही ‘कार्लावाग्नेन’ म्हणतात.

मात्र एखाद्या माणसाने नावाला कीर्ती मिळवून दिली, एवढ्याने ते टिकत नाही. ते कुणीतरी परत परत उचलावे लागते, आणि उचलणाऱ्याचा त्यात काही हेतू असतो. फ्रान्सचे उदाहरण घ्या. ९८७ मध्ये ह्यू कापे राजा झाला. शार्लमेनच्या वंशातला त्याचा प्रतिस्पर्धी, लोरेनचा शार्ल, पुढे त्याच्या कैदेत मेला. त्यानंतर फ्रान्सच्या गादीवर ह्यू, रोबेर, हेन्री, फिलिप, लुई आले, शार्ल नाही. १३२२ मध्ये कापे वंशातला पहिला शार्ल गादीवर आला, म्हणजे मध्ये तीन शतकांहून अधिक काळ हे नाव राजपदाबाहेर होते. पराभूत घराण्याचे नाव जिंकणाऱ्याच्या घरात आले, ते त्या घराण्याची मुळे पक्की रुजल्यावर, आणि आले तेही जुन्या गणनेसकट : हा राजा शार्ल चौथा म्हणवला जातो, म्हणजे शार्लमेनच्या घराण्यातले शार्लही मोजणीत धरले जातात. त्याच शतकात पाचव्या शार्लने आपल्यासाठी सोन्याचा राजदंड घडवला. तो आज पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात आहे आणि त्याच्या टोकावर सिंहासनावर बसलेला शार्लमेन आहे. आपल्या नावाचा मालक कोण, हे राजाने हातात धरून साऱ्यांना दाखवले, यापेक्षा ढळढळीत पुरावा कोणता हवा?

बोहेमियाचा राजपुत्र व्हाक्लाव्ह लहानपणी फ्रान्सच्या दरबारात पाठवला गेला. तिथे दृढीकरणाच्या विधीत त्याने आपल्या मामेकुळातले नव्हे, आपल्या देशाच्या संताचेही नव्हे, तर फ्रेंच राजाचे, शार्लचे नाव घेतले. हाच पुढे सम्राट कार्ल चौथा. व्हाक्लाव्ह हे बोहेमियाच्या रक्षक संताचे नाव. मायदेशी त्याहून पवित्र नाव नव्हते. तरीही साम्राज्याची वाट ज्या नावातून जाते ते नाव त्याने आयुष्यभर मिरवले, आखेन येथे अभिषेक करवून घेतला, प्रागमध्ये शार्लमेनच्या स्मरणार्थ चर्च उभारले. १३४८ मधले प्रागचे विद्यापीठ, १३५७ मध्ये पायाभरणी झालेला तिथला दगडी पूल, कार्लश्टेन किल्ला, कार्लोव्ही व्हारी हे गरम झऱ्यांचे गाव, ही सारी त्याच्याच नावाने ओळखली जातात.

स्वीडनची गोष्ट तर याहून थक्क करणारी आहे. तिथे १६०४ मध्ये गादीवर आलेल्या राजाने स्वतःला कार्ल नववा म्हणवले. इतिहासाला ठाऊक असलेले कार्ल राजे त्याच्याआधी दोनच झाले होते. बाकीचे सहा योहानेस माग्नुस या परागंदा आर्चबिशपच्या, १५५४ मध्ये रोमला छापलेल्या इतिहासग्रंथातले. त्या ग्रंथात प्राचीन काळापासूनची एक कल्पित राजमालिका रचलेली होती. नवव्या कार्लने आपल्या पुतण्याला हटवून गादी घेतली होती. अशा राजाला मागे आठ कार्ल असणे सोयीचे होते, हे उघड आहे. ती गणना आजवर चालू आहे. १९७३ पासून गादीवर असलेला राजा कार्ल सोळावा म्हणवतो. आणि याच मालिकेतला चौदावा कोण? झाँ बर्नाडोट, दक्षिण फ्रान्समधल्या पो गावच्या वकिलाचा मुलगा, नेपोलियनचा सेनापती. १८१० मध्ये स्वीडनने त्याला युवराज निवडले, तेराव्या कार्लने त्याला दत्तक घेतले, आणि तो कार्ल योहान झाला. रक्ताचा काही संबंध नसताना वारसा सांगायचा तर नाव हाच एक दुवा उरतो.

या सगळ्यावर धर्माच्या बाजूने एक हरकत येते. राजेरजवाडे सोडा, कॅथलिक घरांत नावे संतांवरून ठेवतात, आणि कार्ल नावाचा एक थोर संत आहे : मिलानचा आर्चबिशप कार्लो बोरोमेओ. १५७६ च्या प्लेगमध्ये तो शहर सोडून गेला नाही, १६१० मध्ये त्याला संतपद मिळाले, ४ नोव्हेंबर हा त्याचा दिवस. लाखो कार्लो आणि कार्लोस त्याच्यामुळे झाले असणार, हे मी मान्य करतो. पण ही हरकत माझ्या म्हणण्याला बळच देते. बोरोमेओवरून नाव ठेवणारी आईसुद्धा ‘मोकळा माणूस’ या अर्थासाठी ते ठेवत नाही. एका विशिष्ट माणसासाठी ठेवते. शिवाय संत आणि सम्राट हे दोन प्रवाह वेगळे राहिले नाहीत. शार्लमेनलाच संत ठरवण्याचा प्रयत्न ११६५ मध्ये सम्राट फ्रीड्रिश बार्बारोसाने केला. तो ज्या पोपकडून करवला, त्याला रोमने पुढे पोप मानले नाही, म्हणून ते संतपद अधिकृत झाले नाही. बोरोमेओचा जन्म १५३८ चा, आणि तेव्हा मिलान सम्राट कार्ल पाचव्याच्या ताब्यात होते. पुढे १७१३ च्या प्लेगमध्ये सम्राट कार्ल सहाव्याने नवस बोलला आणि व्हिएन्नात बोरोमेओच्या नावाने भव्य चर्च बांधले. ते चर्च संताचे की सम्राटाचे, हे त्याच्या दर्शनी भागासमोरचे दोन प्रचंड स्तंभ पाहून ठरवणे कठीण आहे.

इंग्लंडमध्ये स्टुअर्टांच्या आधी चार्ल्स हे नाव तसे विरळ होते. स्कॉटलंडच्या मेरी राणीने १५६६ मध्ये आपल्या मुलाचा बाप्तिस्मा चार्ल्स जेम्स या नावाने केला. फ्रान्सचा राजा शार्ल नववा हा मुलाचा धर्मपिता होता. हा मुलगा जेम्स म्हणून राज्यावर आला, आणि त्याने आपल्या मुलाला चार्ल्स हे नाव दिले. त्या चार्ल्सचा १६४९ मध्ये शिरच्छेद झाला. त्याच्या मुलाचे, दुसऱ्या चार्ल्सचे नाव आपल्या किनाऱ्याशी थेट जोडलेले आहे : पोर्तुगालच्या कॅथरीनशी त्याच्या लग्नाचा जो तह १६६१ मध्ये झाला, त्यात मुंबईचे बेट इंग्लंडच्या राजाला मिळाले, आणि १६६८ मध्ये त्याने ते वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. अटलांटिकपलीकडच्या कॅरोलायना वसाहतीची सनद १६६३ मध्ये दिली ती यानेच. तिथेच १७६८ मध्ये शार्लट हे गाव स्थापन झाले, तिसऱ्या जॉर्जच्या राणीच्या नावाने. म्हणजे गावाचे नाव आणि प्रदेशाचे नाव दोन्ही एकाच मुळातून आली, आणि मुळात ज्या शब्दाचा अर्थच ‘पुरुष’ होता, तो दोन्ही ठिकाणी स्त्रीलिंगी रूपात स्थिरावला. कॅरोलाइन हर्शेलने धूमकेतू शोधले, शार्लट ब्राँटेने कादंबऱ्या लिहिल्या. व्युत्पत्तीला प्रमाण मानणाऱ्याने या नावांचे काय करायचे?

शेवटचा आक्षेप सामान्य घरांच्या बाजूने आहे. ब्रुन्सविकच्या गरीब घरात १७७७ मध्ये जन्मलेल्या गाउसच्या नावात कार्ल आहे, ट्रीरमध्ये १८१८ मध्ये जन्मलेल्या मार्क्सच्या नावात आहे. त्यांच्या आईबापांच्या मनात राजदंड आणि सम्राट होते असे कसे म्हणायचे? म्हणायचे कारणही नाही. ब्रुन्सविकचा त्या वेळचा ड्यूक कार्लच होता, आणि गाउसचे शिक्षण ज्याच्या आश्रयाने झाले तो पुढचा ड्यूकही कार्ल. पण हे नाव तोवर इतके रुळले होते, की घरातला, गल्लीतला, चर्चमधला कुठलाही कार्ल पुरेसा होता. साखळी तीच, तिच्या कड्या मात्र जवळच्या. पोलंडमध्ये १९२० मध्ये जन्मलेल्या कारोल वोय्तिवाला, जो पुढे पोप जॉन पॉल दुसरा झाला, हे नाव वडिलांचेच मिळाले होते. सम्राटाकडून राजपुत्राकडे, राजपुत्राकडून संताकडे, संताकडून बापाकडे आणि बापाकडून मुलाकडे येताना प्रत्येकाने पाहिले ते लगतच्या माणसाकडे. म्हणून कोणत्याही कार्लबद्दल विचारायचा प्रश्न, त्याच्या नावाचा अर्थ काय हा नव्हे, तर ते कोणाकडून आणि कोणत्या वाटेने आले हा आहे. मूळच्या गोव्याच्या कुटुंबातले, १९३० मध्ये सिकंदराबादला जन्मलेले वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्याबाबत तो विचारून पाहावा. आडनाव पोर्तुगीजांच्या चार शतकांतून आलेले. नाव मात्र कार्लोस नव्हे, तर चार्ल्स, म्हणजे ब्रिटिश भारतातल्या इंग्रजीतून आलेले. पणजीची कला अकादमी आणि नवी मुंबईची कल्पना यांवर ज्यांचा ठसा आहे, त्या माणसाच्या दोन शब्दांच्या नावात कोकण किनाऱ्यावर आलेल्या दोन सत्तांच्या वाटा वेगवेगळ्या दाखवता येतात.